बधिर बोटांसाठी हँड थेरपी: एका शिवणकाम करणारीचा वीस महिन्यांचा अनुभव

मी साताऱ्यात घरीच ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं झाली. उजव्या मनगटातली स्पर्शाची खबर नेणारी नस काचेनं तुटली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर वीस महिने पुण्याच्या एका हॉस्पिटलातल्या हँड थेरपी विभागात ये-जा केली. हा अभिप्राय त्या थेरपीबद्दल आहे. भेटणारी माणसं ऑपरेशनचं विचारतात, खर्च विचारतात, टाके किती पडले ते विचारतात. थेरपीचं कुणी विचारत नाही. "ते हाताचे व्यायाम ना, ते घरीही होतात," एवढ्यावर विषय संपतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण मला शिफारस करायची आहे ती या उपचाराची. तो जिथे नीट मिळेल तिथे घ्या, पण घ्या.

आधी काय झालं ते सांगते. २०२३ चा मे महिना, लोणच्याचे दिवस. काचेची मोठी बरणी आतून घासत होते. ती हात आत असतानाच फुटली आणि तिची कड मनगटाच्या आतल्या बाजूला आडवी लागली. जवळच्या दवाखान्यात पाच टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. बोटं हलत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर वाटतात असं मी सांगितलं, तर "सूज आहे, उतरेल" असं उत्तर मिळालं. दहाव्या दिवशी टाके काढले. सूज उतरली, बधिरपणा तसाच राहिला.

एकविसाव्या दिवशी बाहीला इस्त्री करत होते. जळका वास आला म्हणून घाईनं इस्त्री उचलली, कापड बघितलं, कापड चांगलं होतं. मग हाताकडे लक्ष गेलं. तर्जनीचं टोक इस्त्रीला टेकलेलं होतं, कातडी पांढरी पडली होती आणि मला काहीही कळलं नव्हतं. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी भाची मला पुण्याला घेऊन गेली.

तिथल्या हाताच्या सर्जननी सुई नाही, यंत्र नाही, साधा कापसाचा बोळा घेतला. डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटावरून फिरवला. करंगळी कळली. अनामिकेवर आले तेव्हा माझी मलाच भीती वाटली. त्या एकाच बोटाची करंगळीकडची बाजू जिवंत आणि अंगठ्याकडची बाजू मेलेली. बोटाच्या मधोमध जशी काही खडूनं रेघ मारली होती. डॉक्टर म्हणाले, यावरूनच कळतं कुठली नस तुटली आहे. तिला मीडियन नर्व्ह म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका, एवढ्यांच्या तळहाताकडच्या बाजूची खबर तीच नेते. बाकी दीड बोटाची नस वेगळी. बोटं वाकवणारे स्नायू कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या भागात असतात आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नसेच्या फांद्या कापाच्या आधीच फुटलेल्या असतात, म्हणून बोटं हलत राहिली आणि सगळे फसले. माझी अवस्था अशी होती की डोळे मिटून बोट कुठे आहे, किती वाकलं आहे ते सांगता यायचं, पण त्या बोटाला काय लागतंय ते सांगता यायचं नाही.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: मनगटाला किंवा तळहाताला काच, पत्रा, विळी काहीही लागलं आणि बोटाचं टोक बधिर झालं, तर बोट हलतंय यावर समाधान मानू नका. त्याच दिवशी विचारा, नस तुटली आहे का.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं नस शिवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी शिवणकाम करते हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनी मला कळेल असं समजावलं. ते ऐकून मी जे चित्र डोळ्यासमोर आणलं ते असं. बारीक चौकडीचं कापड जोडायचं असेल तर आपण रेघेला रेघ जुळवतो, मग टीप मारतो. नसेच्या आत असे हजारो धागे असतात, पण सर्जनला एकेक धागा जुळवता येत नाही. तो बाहेरचं वेष्टण आणि आतल्या जुड्या जमतील तेवढ्या जुळवतो. काप लागला त्याच्या पुढचे धागे मरतात, फक्त त्यांच्या रिकाम्या नळ्या राहतात. मागचे धागे नव्यानं वाढत येतात आणि समोर जी नळी सापडेल तिच्यात शिरतात. तर्जनीचा धागा मधल्या बोटाच्या नळीत जाऊ शकतो. म्हणजे चौकड्या जुळत नाहीत. शिवण पक्की, पण डिझाइन विस्कटलेलं. "माझं काम इथे संपलं," डॉक्टर म्हणाले, "पुढचं थेरपीच्या खोलीत होईल."

सहाव्या दिवशी त्या खोलीत गेले, हाताला स्प्लिंट होताच. एका टेबलावर राजमा, तांदूळ, वाळू भरलेले ट्रे. भिंतीला टेकून एक आरसा. थेरपी देणाऱ्या मॅडम तिशीतल्या असतील, मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणाल्या. त्यांनी हात बघायच्या आधी विचारलं, "काकू, काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना ज्या कापडांचे ब्लाउज शिवता त्यांचे तुकडे घेऊन या. आत्ता लागणार नाहीत, पण आणून ठेवा."

मी खरं तर रागावलेली होते. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला इंचभर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत माझे अठरा सेंटिमीटर भरले. म्हणजे सहा-सात महिने टोकाला काहीच कळणार नव्हतं. मग साताऱ्याहून दर आठवड्याला एस.टी.नं येऊन करायचं काय? मी तसं विचारलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मेंदूचं चित्र काढलं आणि अर्धा तास त्यावर घालवला, आणि तो अर्धा तास या सगळ्या उपचारातला सगळ्यात उपयोगी होता असं मला आज वाटतं.

मेंदूच्या वरच्या भागात एक पट्टा आहे, जिथे अंगाच्या प्रत्येक जागेला आपली खोली आहे. कॅनडातल्या माँट्रियलच्या पेनफिल्ड नावाच्या सर्जननी जाग्या रोग्यांचा मेंदू ऑपरेशनच्या वेळी हलक्या विजेनं चाचपून हा नकाशा काढला. १९३७ साली तो छापून आला. त्यात अख्ख्या पाठीला जेवढी जागा नाही तेवढी बोटांना आहे, आणि अंगठ्याशेजारी तर्जनी, तर्जनीशेजारी मधलं बोट अशा खोल्या ओळीनं आहेत. आता नस तुटली की त्या खोल्यांत खबर येणं बंद होतं. खोली रिकामी राहत नाही. चाळीत एक बिऱ्हाड बंद राहिलं की शेजारी तिथे आपली ट्रंक, मग सायकल, मग वाळवण आणून ठेवतात, तसं होतं. अमेरिकेत मर्झेनिक आणि कास या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमाराला माकडांमध्ये नेमकी हीच मीडियन नस कापून बघितलं होतं. पुढे मेंदूतली ती जागा शेजारच्या बोटांना आणि हाताच्या पाठच्या बाजूला हात लावला की उत्तर द्यायला लागली. "सहा महिन्यांनी तुमची नस टोकाला पोचेल," मॅडम म्हणाल्या, "तेव्हा मेंदूत तिला बसायला जागा हवी. ती आपण आत्तापासून राखायची."

जागा राखायची ती आरशानं. टेबलावर मधोमध आरसा उभा, उजवा हात आरशामागे, डावा समोर. डाव्या हाताचं प्रतिबिंब नेमकं उजव्या हाताच्या जागी दिसतं. रामचंद्रन या डॉक्टरांनी हात कापावा लागलेल्या माणसांना नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनेसाठी १९९० च्या दशकात ही युक्ती काढली. मॅडम ब्रशनं माझ्या डाव्या तर्जनीवरून फिरवायच्या, त्याच वेळी मागे बधिर तर्जनीवरूनही, आणि मी आरशात बघायचं. दुसऱ्याच्या किंवा आपल्या हाताला स्पर्श होताना नुसतं बघितलं तरी मेंदूतला स्पर्शाचा भाग थोडा जागा होतो. पहिले दोन आठवडे मला यातलं काहीच पटलं नाही, तरी केलं. घरी दिवसातून पाच वेळा, दर खेपेला दहा मिनिटं. धाकट्या जावेनं कपाटाचा जुना आरसा काढून दिला.

नसेच्या वाटेवर बोटानं टकटक करत गेलं की नस जिथपर्यंत वाढली असेल तिथे टकटक झाली की बोटांत मुंग्या येतात. मॅडम दर महिन्याला तळहातावर पेनानं खूण करून फोटो काढायच्या. गणपतीत खूण तळहाताच्या मध्यावर होती, दिवाळीत बोटांच्या मुळाच्या जरा पुढे. इतकी संथ चाल मी कधी बघितली नव्हती, पण ती थांबली नाही.

संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळत होते. पाक गरम असतानाच वळावे लागतात. मी डाव्या हातानंच वळत होते, उजवा नुसता ताट धरायला. एक लाडू घरंगळला म्हणून उजव्या हातानं धरला आणि तर्जनीला चटका बसला. मी लाडू टाकला नाही. तसाच धरून ठेवला, जावेला हाक मारली आणि म्हटलं, "अगं, भाजतंय." तिला आधी कळेना मी हसते कशाला. वेदना आणि गरम-गार आधी परत येतं, हलता स्पर्श त्यानंतर, एका जागी टेकलेला स्पर्श त्याच्याही नंतर. हा क्रम मॅडमनी आधीच सांगून ठेवला होता, आणि माझ्या बाबतीत तो तंतोतंत तसाच झाला.

त्यानंतर मला वाटलं, झालं, जिंकलं. फेब्रुवारीत मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं बोटाला स्पर्श केला. "कुठलं बोट?" मी म्हटलं, मधलं. "उघडा डोळे." रबर तर्जनीवर होतं. पुन्हा. मी म्हटलं अंगठा, ते होतं मधल्या बोटाचं टोक. एकदा तर मला दोन ठिकाणी लागल्यासारखं वाटलं आणि रबर एकाच ठिकाणी लागलं होतं. स्पर्श आला होता, पण पत्ते सगळे चुकलेले. डॉक्टरांनी सांगितलेली न जुळलेली चौकड ही अशी. घरी काय व्हायचं ते शिवणाऱ्या बायकांना लगेच समजेल. हूक चिमटीत धरलं तर धरलंय हे कळायचं, पण ते अंगठ्याच्या टोकाशी आहे की पेराशी, वाकडं टोक वर आहे की खाली, काही नाही. दाणेदार, मुंग्यांसारखा एक गोळा. मला तेव्हा बधिरपणापेक्षा हे जास्त अवघड गेलं. बधिर बोटाकडे दुर्लक्ष करता येतं. खोटं सांगणाऱ्या बोटाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

इथून थेरपीचा खरा भाग सुरू झाला. चाल सोपी आहे. डोळे उघडे ठेवून स्पर्श बघायचा, मग डोळे मिटून तोच स्पर्श घ्यायचा, मग पुन्हा उघडून पडताळायचा. आधी एकेक बोट वेगळं. यावर मॅडम फार काटेकोर होत्या. चिमटी, मूठ, दोन बोटांनी एकदम काहीही चाचपणं पहिले सहा आठवडे बंद. मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, काही माणसांची बोटं जन्मतः एकमेकांना चिकटलेली असतात. न्यूयॉर्कमध्ये अशा मोठ्या माणसांची बोटं ऑपरेशननं सुटी केल्यावर मेंदूतला नकाशा तपासला. १९९३ चं हे काम. ऑपरेशनआधी बोटांच्या खोल्या सरमिसळ होत्या, बोटं सुटी झाल्यावर काही आठवड्यांत खोल्याही सुट्या झाल्या. बोटं जेव्हा कायम एकदम वापरली जातात तेव्हा मेंदू त्यांना एकत्र ठेवतो, वेगळी वापरली की वेगळी करतो. माझी आधीच गोंधळलेली बोटं एकदम वापरली असती तर गोंधळच पक्का झाला असता.

मग एप्रिलमध्ये त्यांनी बोटं एकत्र आणायला सुरुवात केली, आणि मला माझ्याच कामाबद्दल सव्वीस वर्षांत न कळलेली गोष्ट कळली. आपल्याला वाटतं, बटण हातात घेतलं की बटण कळतं. खरं तर अंगठ्याला बटणाची एक बाजू कळते, तर्जनीला दुसरी, आणि ही दोन बोटं एकमेकांपासून किती लांब आहेत ते सांध्यांकडून आणि स्नायूंकडून कळतं. बटण असं कुणीच सांगत नाही. मेंदूत पहिल्या खोल्यांत बहुतेक पेशी एकेका बोटाचंच ऐकतात. त्यांच्या मागच्या भागात दोन-तीन बोटांचं एकदम ऐकणाऱ्या, बोट किती वाकलंय तेही धरणाऱ्या पेशी आहेत. त्याच्याही पुढे एक जागा आहे जिथे दोन्ही हातांची खबर मिळते. बटण तयार होतं ते या प्रवासात.

त्यांनी एक गंमत करून दाखवली ती तुम्हीही करा. डाव्या हाताचं मधलं बोट तर्जनीवरून आडवं टाका. दोन टोकांच्या मधल्या फटीत एक हरभरा घ्या, डोळे मिटा आणि हळू फिरवा. दोन हरभरे लागतात. ॲरिस्टॉटलनं दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं आहे. बोटं सरळ असताना तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि मधल्या बोटाची अनामिकेकडची कड एकाच हरभऱ्याला एकदम लागूच शकत नाहीत. बोटं आडवी टाकली हे माहीत असूनही मेंदू नेहमीच्या मांडणीनंच बेरीज करतो आणि उत्तर दोन येतं.

डाव्या हाताला मला स्वच्छ दोन हरभरे लागले. उजव्या हाताला काय लागलं? एक मऊ, पसरट काहीतरी. एकही नाही, दोनही नाहीत. मॅडमनी वहीत तारीख टाकली, बाकी काही बोलल्या नाहीत. पुढे श्रावणात एका मंगळवारी पुन्हा तोच हरभरा दिला. मी डोळे मिटून फिरवला आणि म्हटलं, "मॅडम, दोन दिलेत का?" त्यांनी टाळीच वाजवली. चुकीचं उत्तर आलं म्हणून कुणी टाळी वाजवलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तर्जनी वेगळी, मधलं बोट वेगळं, आणि दोघांची बेरीज मेंदू पुन्हा आपल्या जुन्या सवयीनं करायला लागला, हा त्याचा अर्थ. त्या दिवशी स्वारगेटहून निघाल्यापासून खंबाटकी घाट येईपर्यंत मी एस.टी.त पर्समधला हरभरा फिरवत होते.

कापडाचे तुकडे याच काळात कामाला आले. मी नेले होते ते असे: खण, जरीकाठाचा तुकडा, सॅटिन, क्रेप, अस्तराचं पॉपलिन आणि टू बाय टू रुबिया. मॅडमनी ते पुठ्ठ्यावर चिकटवून घेतले. आधी खण ओळखू आला, त्याची वीण खरखरीत. मग जरी. सॅटिन आणि क्रेपमध्ये दोन महिने गेले. पॉपलिन आणि रुबिया सगळ्यात शेवटी. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर बारीक पोत कुणालाच नीट कळत नाही, चांगल्या हातालाही नाही. चोळावं लागतं. चोळताना कापडाच्या बारीक धाग्यांनी कातडी थरथरते आणि ती थरथर टिपणारी टोकं कातडीच्या खोल भागात असतात. एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सगळ्या प्रकारचे मिळून साधारण १७,००० नसेचे धागे असल्याचा अंदाज स्वीडनमधल्या योहानसन आणि वाल्बो यांनी १९७९ मध्ये मांडला. जलद थरथर ओळखणं उशिरा परत येतं. मॅडम दोन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारे धातूचे काटे, लावून बघायच्या, सेकंदाला तीस वेळा थरथरणारा जाड आवाजाचा आणि दोनशे छप्पन वेळा थरथरणारा बारीक आवाजाचा. तीसचा मार्चमध्ये कळला, दोनशे छप्पनचा थेट नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच पंधरवड्यात रुबिया पॉपलिनपासून वेगळं झालं. दुकानात कापड बघताना आपण आपोआप चिमटीत धरून चोळतो, ते कुणी शिकवलेलं नसतं. आता मला ते मुद्दाम, सावकाश, एकेक बोट धरून पुन्हा शिकावं लागलं.

तपासण्यांचे आकडेही देते, कारण कुणी "खूप सुधारणा होते" एवढंच सांगितलं तर त्यावर माझा विश्वास बसत नाही. नायलॉनच्या जाड-बारीक तारा कातडीला टेकवून, तार वाकेपर्यंत दाबून बघतात. रंग ठरलेले आहेत: हिरवी कळली तर स्पर्श चांगला, मग निळी, मग जांभळी, आणि फक्त लालच कळत असेल तर बोटाला जपायला हवं. माझी तर्जनी जानेवारीत लाल होती, मेमध्ये जांभळी, नोव्हेंबरमध्ये निळी. दुसरी तपासणी दोन टोकांची. टोकं किती जवळ आणली तरी दोन म्हणून कळतात? बोटाच्या टोकाला सहा मिलिमीटरच्या आत कळणं चांगलं मानतात. माझ्या डाव्या तर्जनीला चार. उजवीला मार्च २०२४ मध्ये पंधराला सुद्धा एकच लागायचं. ऑगस्टमध्ये बारा, आणि जानेवारी २०२५ मध्ये नऊ. लहान मुलांत हे जवळजवळ पूर्ण भरून येतं, त्यांचा मेंदू लवकर नवी मांडणी करतो. माझं वय एकावन्न. मॅडमनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, चार येणार नाही. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

एक गोष्ट अशी केली की जी मला आधी विचित्र वाटली. सरावाआधी मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला बधिर करणारं मलम लावायचं. स्वीडनमध्ये माल्मोच्या रोझेन आणि लुंडबोर्ग यांनी हे करून बघितलं आहे. वरच्या भागाची खबर काही वेळ बंद केली की मेंदूतली त्याची जागा बोटांना वापरायला मिळते आणि शिकणं सुधारतं. माझ्या बाबतीत दोन महिने केलं. फरक पडला असं मला वाटतं, पण त्याच वेळी बाकी सगळंही चालू होतं. मलम आपल्या मनानं लावू नका.

आता तक्रारी. विभाग सकाळी नऊ ते दुपारी दोनच. साताऱ्याहून यायचं तर पाचची गाडी पकडावी लागते. घरी करायच्या सरावाचा कागद पहिल्यांदा पूर्ण इंग्रजीत मिळाला, भाचीनं बसून मराठीत उतरवला. नंतर मॅडमनी तोच मराठी कागद झेरॉक्स करून इतरांना द्यायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट झाली. पावसाळ्यात दोनदा व्हिडिओ कॉलवर सराव घेतला. तो बसत नाही. स्पर्शाचा सराव समोरच्या माणसानं हात लावूनच करायला हवा. मधल्या काळात मॅडम महिनाभर रजेवर होत्या, बदली आलेल्यांनी वही न वाचता थेट मूठ-चिमटी सुरू केली. मी नाही म्हटलं, तर त्यांना ते आवडलं नाही. रोग्यानं आपली वही आपल्याजवळही ठेवावी असं मी त्यानंतर सगळ्यांना सांगते. पैसे दर वेळचे पाचशे, मी एकूण एकतीस वेळा गेले. गाडीभाडं वेगळं. स्वस्त नाही. पण उजवा हात गेला असता तर मशीन विकावं लागलं असतं.

आज काय जमतं? मशीनवरची टीप पूर्वीसारखी. बॉबिन केस न बघता बसवता येते. तुरपाई जमते, वेळ दीडपट लागतो. हूक लावताना अजून बघावं लागतं. कापडाची उलटी-सुलटी बाजू डोळे मिटून दहापैकी आठ वेळा बरोबर येते. थंडीत बोटं दुखतात, माघात सकाळी दहाच्या आत सुई हातात धरवत नाही. तर्जनीवर हात लागला की क्वचित अजून मधलं बोट उत्तर देतं, विशेषतः दमले असले की. सरावाचा डबा मशीनशेजारीच असतो: तांदूळ, त्यात हूक, बटण, मणी, सेफ्टी पिन, एक रुपया, दोन रुपये. नात रोज संध्याकाळी त्यात काहीतरी नवं लपवते आणि आजीनं ते न बघता ओळखायचं. परवा तिनं लवंग टाकली होती. ती मी ओळखली.

जाणार असाल तर टाके सुकायची वाट बघू नका, सर्जनना पहिल्याच आठवड्यात विचारा की हँड थेरपिस्ट आहे का. नुसता मसाज आणि शेक देणाऱ्या ठिकाणी हे होत नाही. स्पर्श शिकवतात का, असं सरळ विचारा. आणि तुमच्या कामातल्या वस्तू पिशवीत भरून न्या. माझे कापडाचे पुठ्ठे मी तिथेच ठेवले आहेत. मंगळवारी एक इलेक्ट्रिशियन मुलगा येतो, त्याची हीच नस ग्राइंडरनं तुटली. त्याला आता खण आणि सॅटिन कळतं. त्यानं आणलेल्या पिशवीतून मॅडम मला वायरचे तुकडे देतात. जाड आणि बारीक मी ओळखते. एका तारेची कुठली आणि बऱ्याच तारांची कुठली, ते अजून जमलेलं नाही. पुढची तारीख अठरा मार्च आहे.